हनन्या मिस्त्रीची टेकायची जागा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. कोहळधोंडच्या माणसांना विचारलंत तर ती सांगतील, डोंगरात मोटार यायच्या आधीची. आणि मोटार कधी आली म्हणाल, तर ती अजून यायची आहे. तेव्हा वर्षांचं राहू दे.

कोहळधोंड हा वारल्यांचा पाडा. चौदा घरं, एक नदी, आणि नदीवर पूल नाही. बैलगाडीची वाट जिथे संपते तिथून पुढे दीड दिवस चालत जायचं. त्या पाड्यात बुधी नावाची बाई होती. तिचा नवरा लखमा पाड्यातला सगळ्यांत उंच माणूस. स्वतःच्या घरात शिरतानाही तो वाकायचा, असं म्हणतात. शेतावरून आला की घरातल्या मेढीला पाठ टेकून उभा राहायचा. बुधी बस म्हणायची, तरी बसायचा नाही. पौषात त्याला ताप भरला आणि आठवड्यात तो गेला. पुढे माघात शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना वारा फिरला, ठिणगी छपरावर पडली आणि बुधीचं घरही गेलं.

आता इथे पाड्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोहळधोंडात घर मेढीपासून सुरू होतं. मेढ म्हणजे घराच्या मधोमध पुरलेला जाड खांब. आधी मेढ पुरतात, मग तिच्याभोवती भिंती, मग वर छप्पर. बाळंतीण तिला धरून उठते, म्हातारी माणसं तिच्याशी गप्पा मारतात. आणि घरातलं कुणी मेलं की पुढच्या पेरणीच्या आत त्याला एकदा शेवटचं घरी बोलावतात. बोलावणारा तो कामडी. तो घांगळी वाजवत मेलेल्याच्या वाडवडलांची नावं गातो. मग मेलेला येतो, मेढीला जरा टेकतो, आपल्या माणसांना बघून घेतो आणि कायमचा जातो. याला त्या माणसाचा दिवस करणं म्हणतात. पेरणीच्या आत दिवस झाला नाही, तर तो बांधाबांधाने हिंडत राहतो आणि त्याला कुणी ये म्हणत नाही. शेजारच्या पाड्याची रीत वेगळी असेल, मला ठाऊक नाही.

तर लखमाचा दिवस व्हायचा होता आणि मेढ जळून गेली होती. पाड्याने बुधीला सांगितलं होतं, होळी झाली की सगळे मिळून तुझं घर उभं करू. पण होळीच्या आधीच घाटावरून मिशनची मंडळी आली.

ती अकरा माणसं होती. औषधं वाटत हिंडणाऱ्या त्यांच्यातल्याच एकाने चर्चमध्ये जाऊन सांगितलं होतं की डोंगरात एका विधवेचं घर जळालं आहे. ते ऐकून मंडळींना राहवलं नाही. स्वतः पाळकसाहेब निघाले, गाणारे निघाले, भाकऱ्या थापणाऱ्या दोन बायका निघाल्या, आणि हनन्या मिस्त्री निघाला. त्यातल्या कुणाच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पाड्यात आजही कुणी त्यांना वाईट म्हणत नाही.

हनन्या बुटका होता. लखमा जिवंत असता, तर हनन्याचं डोकं त्याच्या छातीला लागलं असतं. गवंडीकाम आणि सुतारकाम दोन्ही त्याच्या हातात होतं. पण त्याचा खरा जीव होता कैचीवर. कैची म्हणजे छपराखालचा लाकडांचा तो तिकोना, ज्याच्या जोरावर छप्पर भिंतीपासून भिंतीपर्यंत आपलं आपण उभं राहतं आणि मधे खांब लागत नाही. ही विद्या त्याला मिशनच्या कारखान्यात मिळाली होती. त्याने वीस वर्षांत साठेक घरं बांधली होती. स्वतःचं मात्र एकही नव्हतं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं, तेव्हापासून तो चर्चच्या मागच्या खोलीत राहायचा. तीही खोली त्याची नव्हती.

मंडळींनी नदीकाठी विटा पाडल्या आणि भाजल्या. कौलं पाड्यातल्या बायकांनी डोक्यावरून आणली. कौलं आणताना नदीने आपलं पाणी घोट्यापर्यंत उतरवलं, असं म्हणतात. फाल्गुनात नदी तशीही उतरलेलीच असते, पण ते असो.

जोतं भरून झालं तेव्हा बुधी हनन्याजवळ आली. सगळ्या कामात तिने एवढा एकच प्रश्न विचारला.

"मेढ कठं पुरशील, दादा?"

हनन्या हसला. "बाई, माझ्या घराला मधे खांब लागत नाही. हीच तर कारागिरी आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं मोकळं. बघाच तुम्ही."

बुधी काही बोलली नाही. पाड्यातला सगळ्यांत जुना माणूस म्हणजे जिव्या म्हातारा, तो शेजारीच उभा होता. तोही बोलला नाही, जमिनीकडे बघत राहिला. कारण पाड्याची दुसरी एक रीत अशी, की आपल्यासाठी राबणाऱ्याच्या हाताला बोल लावायचा नाही. पाहुण्याच्या हाताला तर नाहीच नाही. म्हणून सगळ्या पाड्याने महिनाभर विटा वाहिल्या, चिखल तुडवला, लाकडं धरली, आणि या घरात कुणालाही राहता येणार नाही हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. मंडळींनी मात्र घाटावर परत जाऊन सांगितलं की एवढे समाधानी लोक आम्ही कुठे पाहिले नाहीत.

चैत्राच्या शेवटी घर झालं. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, आणि वर ती कैची. हनन्याच्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर कैची होती ती. पाळकसाहेबांनी दारात उभं राहून प्रार्थना केली, मंडळींनी गाणी म्हटली, आणि बुधीच्या हातात कुलूपकिल्ली ठेवली. पाड्यातलं ते पहिलं कुलूप. बुधी म्हणाली, "बेस झालं." मग मंडळी निघाली.

पहिल्या मुक्कामाला पोचल्यावर हनन्याने पिशवी उघडली, तर आत ओळंबा नव्हता. भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं दोरीला बांधलेलं पितळी वजन, ते. त्याच्या वस्तादाने दिलेलं. बाकीच्यांना पुढे जा म्हणून तो एकटाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाड्यात पोचला. घराला कुलूप होतं आणि खिडकीतून शेळी बघत होती. बुधी आंब्याखाली, डहाळ्यांचा आडोसा करून बसली होती. चूल तिथेच, भांडी तिथेच, अंथरूण तिथेच. ओळंबा तिने फडक्यात बांधून जपून ठेवला होता. तो तिने दिला, वर नागलीची भाकरी आणि चटणी दिली. हनन्याने भाकरी हातात घेतली, पण खाल्ली नाही.

"बाई, माझं काय चुकलं ते सांगा."

"काय नाय, दादा. घर बेस हाय."

"मग शेळ्या आत आणि तुम्ही बाहेर का?"

बुधी भाकरी उलटत राहिली. हनन्याही हलला नाही. तो उठत नाही म्हणताना तिने तवा उतरवला.

"घर बेस हाय," ती म्हणाली, "पन त्यात मेढ नाय. माझा माणूस येल, त टेकल कशाला?"

मग तिने लखमाचं सांगितलं, कामडीने दिलेला दिवस सांगितला. त्याला नऊ दिवस उरले होते. हनन्याने सगळं ऐकून घेतलं. मग भाकरी खाल्ली, हात धुतले, शेळ्या बाहेर काढल्या आणि शिडी लावली.

पहिल्या कौलाचा आवाज झाला तेव्हा पाडा गोळा झाला. जिव्या म्हातारा म्हणाला, "एवढा कं करतंस? भुईत खड्डा खण, मेढ उभी कर, झालं."

"मेढ आधी की घर आधी?" हनन्याने वरूनच विचारलं.

"मेढ आधी."

"मग?"

"रीत आमची हाय. आम्ही नाय कोनाला सांगत."

"पाया चुकला तर मी वरची भिंत ठेवत नाही, बाबा. ही माझ्या धंद्याची रीत आहे," हनन्या म्हणाला आणि दुसरं कौल काढलं.

  तीन दिवस त्याने आणि पाड्याने मिळून छप्पर उतरवलं, कैची उतरवली, विटेवरून वीट काढली. एक कौल फुटलं नाही, एक खिळा वाकला नाही, असं म्हणतात. चौथ्या दिवशी बुधीचं घर होतं तिथे नुसतं जोतं उरलं, आणि त्याच दिवशी पाळकसाहेब आले. हनन्या पुढच्या मुक्कामाला पोचला नाही म्हणून काळजीने ते परत फिरले होते.

त्यांनी जोतं पाहिलं. विटांची रास पाहिली. त्यातली एक वीट उचलून हातात धरली.

"हनन्या, मंडळींनी पोटाला चिमटा घेऊन दिलेलं घर तू पाडलंस?"

"साहेब, पाडलं नाही. आपण ते बांधलंच नव्हतं. शेळ्यांचा गोठा बांधला होता."

"आणि हे जे करतोस ते कशासाठी, ते माहीत आहे तुला? आपल्याला चालतं ते?"

"मला एवढंच माहीत आहे, की बाई महिनाभर उन्हात उभी राहून आपल्याला पाणी देत होती आणि आपण तिला एक गोष्ट विचारली नाही. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन."

यावर पाळकसाहेबांनी काय केलं याबद्दल दोन मतं आहेत. खालच्या आळीचे म्हणतात, ते रागाने तडक निघून गेले. वरच्या आळीचे म्हणतात, त्यांनी कोट काढून आंब्याच्या फांदीला अडकवला आणि संध्याकाळपर्यंत विटा दिल्या. मला दुसरं मत आवडतं. पण आपल्याला काय आवडतं याचा इथे संबंध नाही.

मेढीसाठी ऐनाचं झाड ठरलं. ते होतं नदीपलीकडच्या उतारावर. तोडल्यापासून पुरेपर्यंत लाकूड भुईला टेकवायचं नसतं. तोडून आडव्या फांद्यांवर झेललेल्या लाकडाला बाकीच्या तेरा घरांतले तेरा बापये खांदा द्यायला लागले, पण ते तसूभर उचलेना. मग बुधी पुढे झाली. तिने लाकडावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल, घरी चल." त्यासरशी लाकूड हलकं झालं आणि नदी ओलांडून चढ चढून पाड्यात आलं, असं म्हणतात. कुणी म्हणेल, तोवर बायकापोरं धरून सगळा पाडा हाताला लागला होता. तसंही असेल. बुटक्या हनन्याचा खांदा मात्र लाकडाला पोचत नव्हता, म्हणून त्याने डोक्यावर चुंबळ ठेवून जाड बाजू पेलली, हे दोन्ही आळ्यांचे सांगतात.

मेढ खड्ड्यात उभी केली. हनन्याने खिशातून ओळंबा काढून सोडला. "बोटभर कललीय," तो म्हणाला. पण पाड्यात मेढ सरळ आहे की नाही ते घरची बाई सांगते. ती दाराच्या जागी उभी राहून बघते आणि तिचं बघणं शेवटचं. बुधीने पाहिलं. म्हणाली, "सरळ हाय."

हनन्याने ओळंब्याकडे पाहिलं, मेढीकडे पाहिलं, बुधीकडे पाहिलं. मग दोरी गुंडाळून ओळंबा खिशात टाकला आणि माती लोटायला घेतली. वीस वर्षांत त्याने वाकडा खांब पुरला तो हा एकच.

उरलेल्या दिवसांत तेच घर पुन्हा उभं राहिलं. त्याच विटा, तीच कौलं आणि तीच कैची. कारण हनन्याने कैची सोडली नाही. छपराचं सगळं ओझं कैचीने घेतलं. खाली मेढ उभी होती, तिच्यावर कशाचंच ओझं नव्हतं. ती फक्त टेकायला होती. जिव्या म्हातारा आत येऊन वर बघत बसला. एवढी निवांत मेढ आपण जन्मात पाहिली नाही, असं तो म्हणाला.

ठरल्या दिवशी कामडी आला. दुपारी त्याने घांगळी हातात घेतली आणि दिवस कलेपर्यंत तो गात होता. हनन्या आत गेला नाही, तो उंबऱ्यावर बसून आपली प्रार्थना म्हणत होता. आतलं गाणं आणि बाहेरची प्रार्थना बरोबर एका वेळी संपली, असं म्हणतात. सगळे उठले तेव्हा मेढीवर, पाड्यातल्या कुणाचाही खांदा पोचणार नाही एवढ्या उंचीवर, तासलेलं खरबरीत लाकूड हातभर गुळगुळीत झालं होतं. वर्षानुवर्षं कुणी पाठ टेकल्यासारखं. बुधीने टाचा उंचावून त्यावर हात फिरवला. मग तिने शेळ्या आंब्याखाली बांधल्या आणि चूल आत नेली. हनन्याला खूप बरं वाटलं.

तो घाटावर परत गेला. पण पुढच्या होळीला त्याला करमेना, म्हणून एकटाच आला आणि जिव्या म्हाताऱ्याचं घर बांधून गेला. मग दर वर्षी होळी ते पेरणी तो पाड्यात असायचा. येताना लाकूड बघत बघत यायचा. अशी त्याने एकूण अकरा घरं बांधली, सगळी मेढीची, सगळी कैचीची, आणि प्रत्येक घरी आधी विचारलं, "मेढ कुठे हवी?" ओळंबा तो बुधीच्या घरी खिळ्याला लावून ठेवायचा. पाड्यात तो लागत नाही आणि घाटावर दुसरा आहे, असं म्हणायचा.

एका आषाढात नदी दोन्ही काठ भरून चालली होती. बाहेरून माणूस येत नव्हतं, आतून जात नव्हतं. बुधी तांदूळ निवडत बसली होती. वारा नव्हता, तरी खिळ्याचा ओळंबा हलू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मग थांबला. बुधी सूप खाली ठेवून बघत राहिली, असं म्हणतात. नदी उतरल्यावर भाद्रपदात निरोप आला, की हनन्या मिस्त्री आषाढात वारला आणि मंडळींनी त्याला घाटावरच्या आपल्या दफनभूमीत रीतसर पुरलं. दिवस तोच होता. जुळला की जुळवला, ते मी सांगू शकत नाही.

बुधी कामडीकडे गेली. म्हणाली, "मिस्त्रीचा दिवस कर."

कामडीने मान हलवली. "तो आपला नाय. त्याला घर नाय, भाऊबंद नाय. बोलवू कसा? त्याच्या बापाचा नाव तरी तुला ठावं हाय?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं माणूस पाड्यात आला, सगळ्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्याला कुणी बापाचं नाव विचारलं नव्हतं. बुधीला त्याची लाज वाटली आणि ती तसं सगळ्यांसमोर बोलली. एकदा मंडळींनी आपल्याला विचारलं नाही, आता आपण त्याला विचारलं नाही. मग जरा वेळाने ती म्हणाली, "वाडवडलांचा नाव नाय, त घरांचा नाव घे. त्याचा गोत तेवढाच."

म्हणून पुढच्या पेरणीच्या आत, बुधीच्या घरी, कामडीने अकरा घरांची नावं गायली. बुधीचं घर, जिव्याचं घर, नदीकाठचं घर, चिंचेखालचं घर. प्रत्येक नावाला त्या त्या घरची माणसं हो म्हणत होती. अकरावं नाव झालं आणि घांगळी थांबली. मेढीवर, लखमाच्या जागेच्या खूप खाली, बुटक्या माणसाचा खांदा येतो तिथे, लाकूड तळहाताएवढं गुळगुळीत झालं होतं. बुधी रडली. लखमाच्या वेळी ती रडली नव्हती, असं म्हणतात.

ही झाली गोष्ट. अकरांतली किती घरं आज उभी आहेत ते बघणाऱ्याने जाऊन बघावं, वाट दीड दिवसाची आहे. पण कोहळधोंडात आजही नवं घर बांधायला घेतलं की बुधीच्या घरून तो ओळंबा आणतात. फडक्यात गुंडाळून, दोन हातांत धरून आणतात. जोत्यावर एका काटकीला लावतात. आणि मग त्याच्याकडे ढुंकूनही न बघता घरच्या बाईच्या नजरेने मेढ पुरतात. ती बहुतेक बोटभर कललेली असते.

मेढ पुरायच्या आधी घरची बाई एक दगड घेते आणि मेढीवर खालच्या अंगाला, बुटक्या माणसाचा खांदा येतो तिथे, तळहाताएवढी जागा घासून गुळगुळीत करते. त्या जागेला कुणी टेकत नाही. एखादं नवखं पोर खेळता खेळता तिथे रेललंच, तर घरातलं कुणीतरी हातातलं काम न थांबवता त्याला सांगतं, "सरक जरासा. मिस्त्री येल, त टेकल कशाला?"